रायफलीवरचा स्मार्ट स्कोप: तो काय करतो आणि काय करत नाही

ट्रिगर दाबून धरायचा, बाकीचं रायफलीवरची ‘स्मार्ट स्कोप’ नावाची दुर्बीण बघते, गोळी चुकतच नाही, अशा अर्थाचे व्हिडिओ भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर हल्ली सारखे फिरतात. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानने एका रात्रीत ३६ ठिकाणी तीनशे-चारशे ड्रोन सोडल्याचं सरकारने सांगितलं, तेव्हापासून तर जास्तच. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि सीमेपलीकडचं चंदगड-गडहिंग्लज या पट्ट्यात हा विषय नुसत्या करमणुकीचा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच आहे, आणि पलटणीत कुणीच नाही असं गाव या भागात शोधावं लागेल. पोरगा अग्निवीर म्हणून गेला की त्याच्या हातात काय येणार, हे घरच्यांना कळावंसं वाटतं. उलट पेन्शनीत आलेले सुभेदार म्हणणार, आम्ही उघड्या साईटवर, म्हणजे दुर्बिणीशिवाय, ३०० मीटर मारलं, हे खेळणं कशाला?

पोरांचं आणि सुभेदारांचं, दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. कोणतं अर्धं, ते कळायला आधी गोळी चुकते कशी हे बघावं लागतं.

## गोळी सरळ रेषेत जात नाही

आपल्या पायदळाकडच्या सिग ७१६ रायफलीची ७.६२ × ५१ मिमीची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ८०० मीटर वेगाने सुटते. सुटल्या क्षणापासून ती खाली पडू लागते आणि हवेच्या रोधाने तिचा वेगही कमी होत जातो. म्हणून नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. गोळी आधी नजरेच्या रेषेच्या वर चढते, मग खाली येऊन ठरलेल्या अंतरावर त्या रेषेला छेदते. हे अंतर पक्कं करण्याला फौजेत ‘झिरो करणे’ म्हणतात.

रायफल ३०० मीटरला झिरो केलेली असली तर १५० मीटरवर गोळी नेमापेक्षा पंधरा-वीस सेंटीमीटर वर लागते. तेवढं चालून जातं. ५०० मीटरवर मात्र तीच गोळी सव्वा मीटरच्या आसपास खाली जाते. उभ्या माणसाच्या छातीवर नेम धरलात तर ती त्याच्या पायाशी मातीत घुसेल. नेमबाजाचा हात जराही हललेला नाही, ट्रिगरही बरोबर दाबला गेला आहे, तरी गोळी वाया. कारण अंतराचा हिशेब चुकला.

## चुका तीन जातीच्या

फायरिंग शिकवताना उस्ताद तीन गोष्टी घोकून घेतात: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन. शिस्त म्हणजे इथे नेम. पहिल्या जातीची चूक याच तिघांत असते आणि ती किती महाग पडते ते बघा. उघड्या साईटवर मागच्या भोकापासून पुढच्या टोकापर्यंत अर्धा मीटर अंतर धरू. ते टोक एक मिलिमीटर सरकलं, तर ३०० मीटरवर गोळी ६० सेंटीमीटर सरकते. ट्रिगर झटक्याने ओढला की एवढं सहज होतं.

दुसऱ्या जातीची चूक अंतराच्या अंदाजाची. फौजेत आणि एनसीसीतही अंदाजाच्या पद्धती शिकवतात: शंभर मीटरचं एकक डोळ्यांत बसवून ते मनात पुढे पुढे मांडत जाणं, माणूस किती स्पष्ट दिसतो त्यावरून ठरवणं, अर्ध्या अंतरापर्यंतचा अंदाज करून दुप्पट करणं, सेक्शनमधल्या, म्हणजे दहाएक जणांच्या तुकडीतल्या, सगळ्यांचे आकडे घेऊन सरासरी काढणं. सपाट मैदानात, शांत डोक्याने या पद्धती बऱ्या चालतात. दरीपलीकडचं लक्ष्य जवळ भासतं, उतारावरून खाली बघताना लांब भासतं, समोर ऊन असलं की आणखी फरक. ४०० मीटरवरच्या माणसाला ५०० समजून साईट लावली तर गोळी अर्धा मीटर वर जाते, म्हणजे छातीऐवजी डोक्यावरून.

तिसरी जात लक्ष्याच्या हालचालीची आणि वाऱ्याची. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा उडत्या पाखरावर धोंडा टाकत नाही, पाखरू जिथे पोचणार तिथे टाकतो. रायफलीतही तेच करावं लागतं. ३०० मीटर कापायला गोळीला सेकंदाच्या चार-दशांशापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. सेकंदाला पाच मीटर धावणारा माणूस तेवढ्यात दोन मीटर पुढे गेलेला असतो. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा हीच गोळी ३०० मीटरवर वीतभर ढकलतो, तर ५०० मीटरवर दीड हाताच्याही वर. अंतर दुप्पटही झालं नाही, पण वाऱ्याची चूक तिप्पट झाली.

१९५२ मध्ये अमेरिकी लष्करासाठी नॉर्मन हिचमन यांनी रायफलीच्या वापराचा अभ्यास केला. त्यातून दिसलं की युद्धात रायफलीचा उपयोग बहुतेक वेळा ३०० यार्डांच्या आतच होतो आणि नेम चुकण्यात रायफलीच्या दोषापेक्षा माणसाच्या चुकीचा वाटा फार मोठा असतो. नंतरच्या सत्तर वर्षांत रायफली खूप सुधारल्या. माणूस तोच राहिला. स्मार्ट स्कोप हा त्या उरलेल्या भागावरचा उपाय म्हणून विकला जातो.

## स्कोपच्या पोटात काय असतं

साध्या दुर्बिणीत भिंगं आणि एक खुणेची जाळी असते. स्मार्ट स्कोपमध्ये तिला चार गोष्टी जोडलेल्या असतात.

सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे लेझरने अंतर मोजणारं यंत्र. डोळ्यांना न दिसणारा लेझरचा एक ठोका लक्ष्यावर जाऊन परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळेवरून अंतर काढलं जातं. ३०० मीटरला जाऊन-येऊन सेकंदाचा दोन दशलक्षांश भाग लागतो. अंदाजातली शंभर मीटरची चूक इथे मीटर-दोन मीटरवर येते. पण यातही खोच आहे. लक्ष्याच्या अलीकडे झुडपाची फांदी असली तर ठोका फांदीवरूनच परत येतो आणि स्कोप ३०० ऐवजी ९० दाखवतो. चोर्ला किंवा आंबोली घाटात जुलैत जसं धुकं असतं, तशा धुक्यात ठोका थेंबांतच विखुरतो आणि आकडा येतच नाही, किंवा खोटा येतो. म्हणून चांगला शिपाई आलेला आकडा आपल्या डोळ्याच्या अंदाजाशी ताडून बघतो. दोन्हींत मोठी तफावत असली तर पुन्हा मोजतो.

लेझरच्या जातीनेही फरक पडतो. ९०५ नॅनोमीटरचा लेझर स्वस्त, पण रात्री बघण्याच्या साध्या उपकरणांतून शत्रूला त्याची चमक दिसू शकते. १,५५० नॅनोमीटरचा महाग असतो. तो त्या उपकरणांत दिसत नाही आणि डोळ्यांनाही कमी धोकादायक असतो. जाहिरातीत हा आकडा बारीक अक्षरांत असतो. विकत घेणाऱ्याने तो आधी वाचावा.

दुसरी गोष्ट संवेदकांची: तापमान, हवेचा दाब, रायफलीचा कल आणि चढ-उताराचा कोन. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, लेह साडेतीन हजारांवर. लेहची हवा बेळगावपेक्षा साधारण पाव हिश्शाने विरळ. रोध कमी, म्हणून गोळी वर लागते. पण थंडीने बारुदाचा जोर थोडा उतरतो, म्हणून ती खालीही येते. दोन्हींची वजाबाकी डोक्यात करणं कठीण, यंत्राला सोपं. तरी खरं सांगायचं तर ३०० मीटरच्या आत हा फरक काही सेंटीमीटरचा आहे. स्नायपरला तो लागतो, सेक्शनमधल्या रायफलमनला फारसा नाही. चढाचा कोन मात्र पहाडात प्रत्येकाला नडतो. ३० अंशांच्या चढावर तिरकं अंतर ४०० मीटर असलं, तरी गोळीच्या पडण्यापुरतं ते साधारण ३५० मीटरच धरायचं असतं. हे विसरलं की गोळ्या डोक्यावरून जातात. कलाचंही तसंच: घाईत रायफल १० अंश कलली तर ५०० मीटरवर गोळी चाळीसेक सेंटीमीटर बाजूला पडते.

तिसरी गोष्ट हिशेब करणारी चिप आणि चौथी पडदा. पडद्यावर दुरुस्त केलेला ठिपका दिसतो: इथे नेम धर.

अमेरिकी लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये व्होर्टेक्स कंपनीशी करार केलेला एक्सएम१५७ हा या जातीचा नमुना. एकपट ते आठपट दाखवणारी दुर्बीण, तिच्यात लेझर, संवेदक, चिप, होकायंत्र आणि बिनतारी जोडणी. दहा वर्षांत अडीच लाखांपर्यंत नग घेण्याची तरतूद आहे.

या यादीत एक गोष्ट नाही, हे लक्षात आलं का? वारा. स्कोप आपल्यापाशीचं तापमान मोजतो, पण लक्ष्यापर्यंतच्या वाटेत वारा कुठे, किती, कोणत्या दिशेने वाहतोय हे मोजणारं साधं, हलकं साधन आजच्या सामान्य स्मार्ट स्कोपमध्ये नसतं. गवत किती वाकलंय, धूळ कुठे चाललीय, हे बघून दुरुस्ती करायचं काम अजून माणसाचंच आहे.

## दुसरी जात: ट्रिगरला थांबवून धरणारी

वरच्या जातीचा स्कोप फक्त सल्ला देतो. व्हिडिओत दिसतो तो वेगळा. इस्रायलच्या स्मार्ट शूटर कंपनीचा ‘स्मॅश’ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं नाव. आपल्या नौदलासाठी ‘स्मॅश २००० प्लस’ घेतल्याची बातमी डिसेंबर २०२० मध्ये आली होती. ब्रिटिश लष्कराने जून २०२३ मध्ये याच मालिकेतल्या २२५ नगांची मागणी नोंदवली.

त्याचं काम असं चालतं. स्कोपमधला कॅमेरा समोरचं चित्र टिपतो. शिपाई लक्ष्यावर खूण आणून बटण दाबतो, की चिप त्या लक्ष्याला पकडते आणि ते हललं तरी सोडत नाही. अंतर आणि हालचाल यांवरून गोळी नेमकी कुठे पाठवायची ते ती काढते. मग शिपाई ट्रिगर दाबून धरतो. गोळी लगेच सुटत नाही. रायफलीच्या मुठीपाशी बसवलेली एक खीळ ट्रिगरचं काम अडवून ठेवते. नळी डुलत डुलत त्या नेमक्या जागेवर आली की खीळ सुटते आणि गोळी झाडली जाते.

याची किमया नेमकी डुलण्यात आहे. दमलेल्या माणसाच्या हातातली रायफल कधीच स्थिर नसते. २०० मीटरवर तिचा डोल ६०-८० सेंटीमीटरचा सहज होतो आणि छोट्या ड्रोनची रुंदी असते तीस-पस्तीस सेंटीमीटर. माणूस मनाने ट्रिगर ओढतो तेव्हा नळी ड्रोनवर असेलच असं नाही. पण त्या डोलात ती मधूनमधून ड्रोनच्या वाटेवरून जातेच, आणि यंत्र तेवढाच क्षण पकडतं. म्हणजे ते शिपायाचा हात स्थिर करत नाही, अस्थिर हातातला योग्य क्षण निवडतं.

तर मग ठरवतं कोण, माणूस की यंत्र? लक्ष्य माणूस निवडतो, ट्रिगरवरचं बोट माणसाचं, आणि बोट उचललं की गोळी सुटत नाही. यंत्र फक्त क्षण ठरवतं. पण पकडलेलं लक्ष्य शत्रूचं आहे की आपल्याच पलटणीचं, शेतातून पळणारा घुसखोर आहे की घाबरलेला गुराखी, हे त्याला कळत नाही. उलट नेम आपोआप लागणार म्हटल्यावर ओळख पटवण्याची जबाबदारी जास्तच कडक होते.

## ड्रोनवर किती लांबून?

ड्रोन सेकंदाला १५ मीटर वेगाने आडवा चालला असेल आणि तुमच्यापासून १५० मीटरवर असेल, तर गोळी पोचेपर्यंत तो तीन मीटर सरकतो. तेवढा पुढचा नेम चिप सहज काढते. अडचण येते ती ड्रोन सरळ न उडता झटका देतो तेव्हा. गोळी सुटल्यानंतर तिला वळवता येत नाही, त्यामुळे मधल्या वेळात ड्रोनने दिशा बदलली तर हिशेब फुकट. १५० मीटरवर हा वेळ सेकंदाचा पाचवा भाग. जोराचा झटका दिला तरी ड्रोन तेवढ्यात वीसेक सेंटीमीटरच हटतो. गोळी लागण्याची आशा राहते. ३०० मीटरवर तोच झटका त्याला पाऊण-एक मीटर बाजूला नेतो. चिप कितीही तेज असो, उड्डाणवेळेचं हे गणित तिला ओलांडता येत नाही. म्हणून ड्रोनविरुद्ध रायफल हे शेवटच्या दोनेकशे मीटरचंच हत्यार आहे. त्यापलीकडे रडार, ड्रोनचे सिग्नल अडवणारे जॅमर आणि विमानवेधी तोफा.

यात एक स्वस्त प्रतिस्पर्धीही आहे. युक्रेनच्या लढाईत दोन्ही बाजूंचे सैनिक अंगावर येणाऱ्या छोट्या ड्रोनवर छऱ्याची बारा बोर बंदूक वापरतात. पन्नास मीटरच्या आत तिला ना चिप लागते ना बॅटरी. पन्नास ते दोनशे मीटरचा पट्टा मात्र तिच्या आवाक्यात नाही, आणि स्मार्ट स्कोपची खरी जागा तीच.

शिवाय वर झाडलेली, चुकलेली ७.६२ ची गोळी साडेतीन किलोमीटरच्याही पलीकडे जाऊन पडू शकते. सीमेवरच्या ठाण्यामागे गावं असतात. तीस गोळ्यांऐवजी दोन-तीन गोळ्यांत काम झालं तर मागच्या गावावर पडणारं शिसंही कमी.

## बॅटरी संपली, पाऊस आला, कडाका पडला

हा आक्षेप खरा आहे आणि याला एकच एक उत्तर नाही. भिंगावरच कोरलेली जाळी असलेल्या स्कोपचं बरं: बॅटरी मेली तरी तो साधी दुर्बीण म्हणून चालतो. ज्यात नेमाचा ठिपका फक्त विजेवर दिसतो, तिथे बाजूला दुमडणारी उघडी साईट असलीच पाहिजे आणि तीही झिरो केलेली असली पाहिजे. तीच झिरो करायची बहुतेक वेळा राहून जाते. उणे वीस अंशांत अल्कलाइन सेल जवळजवळ निकामी होतात. लिथियमचे टिकतात, पण त्यांचाही दम कमी होतो. सुटे सेल खिशात, अंगाच्या उबेत ठेवावे लागतात.

वजनाचंही बघायला हवं. सिग ७१६ मोकळी पावणेचार-चार किलोची, त्यावर किलोभराचा स्कोप. तोही रायफलीच्या वरच्या बाजूला, म्हणजे तोल बिघडणार. गस्तीच्या सहाव्या तासाला हा किलो जाणवतो.

आणि यंत्र बिघडतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या चाचणी विभागाचा २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेला अहवाल एक्सएम१५७ बद्दल कडक आहे: सैनिकांनी वापरण्याच्या सोयीत त्याला नापासाच्या जवळ गुण दिले, आणि तो बसवलेली रायफल ७२ तासांची युद्धमोहीम गंभीर बिघाडाशिवाय पार पाडण्याची शक्यता कमी असल्याचं अहवालाने नोंदवलं. पैसा, प्रयोगशाळा, चाचणीची मैदानं, सगळं हाताशी असलेल्या देशाची ही स्थिती. आपल्याकडे कुणी दोन महिन्यांच्या चाचणीवर ‘सगळं उत्तम’ म्हणालं तर भुवई उंचवायला हरकत नाही.

## झिरो करताना चुकतं कुठे

स्मार्ट स्कोप बसवला म्हणजे झिरो करायची गरज संपली, हा सगळ्यात घातक गैरसमज. क्रम साधारण असा असतो. आधी स्कोपची पकड रायफलीवरच्या खाचांच्या पट्टीवर पुढे ढकलून बसवायची आणि मळसूत्र ठरलेल्या जोरानेच, टॉर्क पान्याने, आवळायचं. मग २५ मीटरवर ढोबळ जुळणी. मग १०० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या पाच गोळ्यांच्या खुणांचा पुंजका. ग्रुपचा मध्य नेमापासून जितका हटला असेल तेवढी दुरुस्ती स्कोपमध्ये भरायची आणि पुन्हा ग्रुप काढायचा. शेवटी ३०० मीटरवर तपासणी. ही शेवटची पायरी वगळायची नाही, कारण चिपचा हिशेब खरा की खोटा ते तिथेच कळतं.

पकडीचं महत्त्व बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दहा सेंटीमीटर लांबीच्या बैठकीत एका टोकाला ०.१ मिलिमीटरची ढिलाई राहिली तर ३०० मीटरवर गोळी ३० सेंटीमीटर हटते. चिपला हे कळत नाही. ती आत्मविश्वासाने चुकीच्या जागी ठिपका दाखवते.

दुसरी नेहमीची चूक काडतुसाची. चिपमध्ये गोळीचं वजन, आकार आणि सुटतानाचा वेग भरलेला असतो. यादीतून भलतंच काडतूस निवडलं, किंवा नव्या खेपेच्या काडतुसांचा वेग सेकंदाला वीस-तीस मीटरने वेगळा निघाला, तर लांबचे सगळे आकडे चुकतात. जवळच्या अंतरावर सगळं ठीक वाटत राहतं, म्हणून ही चूक उशिरा सापडते. काडतुसांची खेप बदलली की ३०० मीटरवर पुन्हा पाच गोळ्या झाडून बघायच्या.

## हॅक होईल का?

झालेलं आहे. टेक्सासच्या ट्रॅकिंगपॉइंट कंपनीने २०१३ च्या सुमारास स्वतः क्षण निवडणारी शिकारी रायफल बाजारात आणली. किंमत वीस हजार डॉलरच्या वर. २०१५ मध्ये रुना सँडविक आणि मायकल ऑगर या दोन संशोधकांनी तिच्या वाय-फायमधून आत शिरून गोळीच्या वजनाचा आकडा बदलला, आणि गोळी शेजारच्या दुसऱ्या लक्ष्यावर गेली. रायफल झाडण्यापासून रोखणंही त्यांना जमलं. ट्रिगरला बोट न लावता गोळी झाडणं मात्र जमलं नाही, कारण ट्रिगर यांत्रिक होता. तिथून घ्यायचा धडा सरळ आहे: लढाईत बिनतारी जोडणी बंद ठेवता आली पाहिजे, आणि ती बंद असताना स्कोप पूर्ण चालला पाहिजे.

## पैशाचा हिशेब

२०२४ मध्ये आपल्या संरक्षण खात्याने आणखी ७३,००० सिग ७१६ रायफली ८३७ कोटी रुपयांना घेतल्या. एक रायफल सव्वा लाखाच्या आत पडली. ब्रिटिशांचे २२५ स्कोप ४६ लाख पौंडांचे, म्हणजे नगाला वीस हजार पौंडांच्या वर. तेव्हाच्या दराने एकवीस लाख रुपये. त्यात प्रशिक्षण आणि देखभालही धरलेली असते आणि नग थोडे असले की दर चढतोच. अमेरिकी करार कमाल २७० कोटी डॉलरचा. पूर्ण अडीच लाख नग घेतले तर एक सुमारे अकरा हजार डॉलरला, तेव्हाच्या दराने आठ लाख. कोणताही आकडा धरा, स्कोप रायफलीच्या कितीतरी पट महाग आहे.

तेवढ्याच पैशात दुसरं काय येतं? ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खात्याने एमकेयू आणि मेडबिट या कंपन्यांच्या जोडीशी सिग ७१६ साठी रात्रीच्या दुर्बिणींचा ६५९.४७ कोटींचा करार केला. नुसत्या चांदण्यांच्या उजेडात ५०० मीटरपर्यंत लक्ष्य टिपता येईल अशा या दुर्बिणी. यात चिपची हुशारी नाही. पण अंधारात ज्याला काहीच दिसत नाही, त्याला चिप काय सांगणार? आधी दिसलं पाहिजे, मग अंतर मोजायचं. साध्या जवानासाठी हा क्रम बरोबर आहे.

## मग साध्या जवानाला उपयोग किती?

स्मार्ट स्कोप दुसऱ्या जातीची चूक, म्हणजे अंतराची, जवळजवळ संपवतो. तिसरी, हालचालीची, निम्मीशिम्मी भरून काढतो. पहिली चूक सल्ला देणारा स्कोप सुधारत नाही. ट्रिगर झटकणाऱ्याच्या हातात तो दिला तर गोळी अचूक मोजलेल्या अंतरावर चुकते. ट्रिगर थांबवून धरणारा स्कोप ती चूक बरीच झाकतो, पण बॅटरी आहे तोवरच. म्हणून उघड्या साईटवर तीनशे मीटर मारणाऱ्या सुभेदारांचं म्हणणं शिकवण्याच्या बाबतीत खरं आहे. रंगरूटाची पहिली काडतुसं साध्या साईटवरच खर्ची पडावीत. अग्निवीराला सेंटरमध्ये सहा-सात महिने मिळतात आणि नोकरी चार वर्षांची. एवढ्या थोड्या काळात वारा आणि अंतर वाचण्याची जुन्या हवालदाराची नजर येत नाही, आणि ती कमतरता स्कोप काही प्रमाणात भरून काढेल, हे पोरांच्या बाजूचं खरं.

दहा जणांच्या सेक्शनमध्ये दहा स्मार्ट स्कोप कशाला? ड्रोनकडे लक्ष ठेवणाऱ्या एकाला ट्रिगर धरणारा स्कोप द्यावा, लांबचा नेम साधणाऱ्या दुसऱ्याला अंतर मोजणारा. बाकीच्या आठांना चांगली साधी दुर्बीण आणि रात्रीची दुर्बीण. अंतर एकाने मोजून सांगितलं की नऊ जणांना ते मिळतं, आणि ते ओरडून सांगायला कुठलीही चिप लागत नाही. उरलेल्या पैशातून सरावाची काडतुसं आणि स्कोप दुरुस्त करणारे कारागीर. बिघडलेला नग परदेशी कंपनीकडे पाठवून महिनोन्‌महिने वाट बघायची की ब्रिगेडच्या वर्कशॉपमध्ये आठवड्यात दुरुस्त करायचा, हे करारातच लिहून घ्यावं लागतं. नंतर विचारून उपयोग नसतो.